बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा खंडित उपवास

बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा खंडित उपवास म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने उतरलेले वजन पुन्हा वाढू नये, यासाठी दिवसाचे काही तास किंवा आठवड्याचे काही दिवस आहार बंद अथवा अत्यल्प ठेवण्याची पद्धत होय. ही पद्धत 'इंटरमिटंट फास्टिंग' या नावाने जगभर प्रचलित आहे. महाराष्ट्रात तिला दोन गोष्टींची पार्श्वभूमी लाभली आहे : व्रतवैकल्यांतील उपवासांची जुनी परंपरा आणि 'दिवसातून दोनदाच जेवा' हा अलीकडच्या काळात घरोघरी पोहोचलेला आहारविचार. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे जठर लहान झालेले असते व तिची भूकही मंदावलेली असते, त्यामुळे तिला उपवास सहज जमतो. मात्र उरलेल्या थोड्या वेळात पुरेशी प्रथिने, पाणी व जीवनसत्त्वे पोटात जाणे तिला तितकेच अवघड जाते. या विषयावरील वैद्यकीय चर्चा मुख्यतः याच अडचणीभोवती फिरते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांचा इतिहास १९५० च्या दशकात सुरू होतो. आरंभी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नशोषण घटवण्यात येई. पण त्या पद्धतीचे दुष्परिणाम गंभीर ठरल्याने ती मागे पडली. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया विकसित केली. १९९० च्या दशकापासून या शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होऊ लागल्या व त्यांचा प्रसार वाढला.

सध्या दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिली मावतील एवढी लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला व आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढे जाते. स्लीव्हमध्ये भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक निर्माण करणारा जठराचा भागच निघून जातो. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर तृप्तीची जाणीव देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवते. म्हणजे वजन घटते ते केवळ पोट लहान झाल्यामुळे नव्हे. भुकेची अंतर्गत यंत्रणाही बदललेली असते.

भारतीयांमध्ये कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकार उद्भवतात. म्हणून पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे बॉडी मास इंडेक्सच्या (बीएमआय) खालच्या मर्यादा वापरल्या जातात. भारतात २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून लठ्ठपणा मानण्याची शिफारस २००९ मध्ये करण्यात आली. मुंबई व पुणे ही या शस्त्रक्रियांची देशातील महत्त्वाची केंद्रे आहेत. २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद यांच्यावर मुंबईत झालेल्या शस्त्रक्रियेमुळे हा विषय महाराष्ट्रातील वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

वजन पुन्हा वाढण्याची कारणे

शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येते व त्यानंतर त्यातील काही भाग परत येतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात ४,०४७ लठ्ठ व्यक्तींचा समावेश होता. त्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले; दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. थोडीफार वाढ हा शरीराच्या स्वाभाविक प्रतिक्रियेचा भाग असून प्रत्येक वेळी ती रुग्णाच्या निष्काळजीपणाची खूण मानता येत नाही.

वाढ मर्यादेबाहेर जाण्यामागे अनेक कारणे असू शकतात. वजन घटल्यावर शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्चही कमी होतो. काळाच्या ओघात जठराची नळी वा पिशवी काहीशी सैलावते. दिवसभर थोडे थोडे काहीतरी तोंडात टाकत राहण्याची सवय लागते. फरसाण, बिस्किटे, आइस्क्रीम, गोड पेये यांसारखे पदार्थ लहान जठरातूनही सहज घसरतात व तृप्ती न देता उष्मांक पुरवतात. मद्यपान, व्यायामाचा अभाव, अपुरी झोप, नैराश्य आणि काही औषधे यांचाही त्यात वाटा असतो. खंडित उपवासाचा उपयोग संभवतो तो यांपैकी प्रामुख्याने दोन सवयींवर : सततचे चरणे आणि रात्री उशिराचे खाणे.

उपवासाचे प्रकार आणि परंपरेतील साम्यस्थळे

आधुनिक खंडित उपवासाचे काही ठळक प्रकार आहेत. '१६:८' या प्रकारात रोजचा आहार आठ तासांत उरकून सोळा तास उपाशी राहतात. '५:२' प्रकारात आठवड्यातील पाच दिवस नेहमीचा व दोन दिवस अत्यल्प आहार घेतात. एकदिवसाआड उपवास आणि दिवसातून एकदाच जेवण हे अन्य दोन प्रकार होत. बहुतेक प्रकारांत उपवासाच्या काळात पाणी व बिनसाखरेची पेये चालतात.

मराठी वाचकाला यांतील कल्पना अपरिचित नाहीत. दिवसातून एकदाच जेवण्याला 'एकभुक्त' आणि दिवसभर उपाशी राहून रात्री जेवण्याला 'नक्त' म्हणतात. चातुर्मासात काही लोक 'धारणे-पारणे' हे व्रत करतात. त्यात एक दिवस उपवास व दुसऱ्या दिवशी भोजन असा क्रम असतो. जैन परंपरेत 'एकासणा' म्हणजे दिवसातून एकदा व 'बियासणा' म्हणजे दोनदा एका बैठकीत भोजन, तर 'वर्षीतप' हे एकदिवसाआड उपवासाचे दीर्घ तप आहे. 'चौविहार' पाळणारे सूर्यास्तानंतर अन्न व पाणी दोन्ही वर्ज्य करतात. इस्लाममधील रमजानचे रोजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत निर्जळ असतात.

हेतू मात्र भिन्न आहेत. व्रताचा उद्देश संयम, श्रद्धा व आत्मशुद्धी हा असतो. वजन हा त्याचा विषय नसतो. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा ठरतो : हरितालिका, निर्जला एकादशी, चौविहार किंवा रोजा यांत पाणीही वर्ज्य असते, तर आधुनिक खंडित उपवासात ते आवश्यक मानले जाते.

दोन वेळा जेवणाचा महाराष्ट्रातील प्रसार

नागपूरचे राजकीय नेते व वैद्यकशास्त्राचे पदवीधर डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी आपल्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. इन्सुलिनचे स्रवण कमी वेळा व्हावे, हा त्यामागील युक्तिवाद होता. पुढे समाजवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्याने, पुस्तक व चित्रफिती यांद्वारे त्याचा मोठा प्रसार केला. कडक भूक लागेल अशा दोन वेळा ओळखून त्या वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे व अधल्या वेळात काही खाऊ नये, अशी त्यांची मांडणी आहे. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी दर दोन-तीन तासांनी थोडे खाण्याचा पुरस्कार केला. या दोन विचारांवरून मराठी वृत्तपत्रांत व समाजमाध्यमांवर बराच वाद झाला.

हे दोन्ही विचार सर्वसामान्य लोकांना उद्देशून मांडलेले आहेत. ५५ मिनिटांत पोटभर जेवण्याची मुभा असली, तरी लहान पिशवीएवढ्या जठराला ती वापरता येत नाही. दर दोन तासांनी खाण्याची सवय अशा व्यक्तीच्या बाबतीत सततच्या चरण्याकडे झुकू शकते. त्यामुळे घरातील अन्य मंडळींना लाभलेला आहारक्रम शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

संशोधनाचे निष्कर्ष

शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांवर खंडित उपवासाचे अनेक नियंत्रित प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत १०० लठ्ठ व्यक्तींवर झालेला एकदिवसाआड उपवासाचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज थोडे कमी खाणाऱ्या गटापेक्षा उपवास करणाऱ्यांचे वजन अधिक घटले नाही आणि उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोकांनी प्रयोग मध्येच सोडला. २०२० मधील ११६ जणांच्या अमेरिकी प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच खाणाऱ्या गटात व दिवसभरात तीनदा जेवणाऱ्या गटात वजनाचा लक्षणीय फरक आढळला नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ जणांवर वर्षभर चाललेल्या प्रयोगात (२०२२) दोन्ही गटांना सारखेच कमी उष्मांक दिले होते. वेळेचे बंधन असलेल्या गटाचे वजन सरासरी ८.० किलो, तर बंधन नसलेल्या गटाचे ६.३ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही.

या प्रयोगांवरून असे दिसते की, खंडित उपवासाचा परिणाम मुख्यतः एकूण खाणे कमी झाल्यामुळे होतो. ज्याला दिवसभर मोजून खाण्यापेक्षा घड्याळ पाळणे सोपे जाते, त्याला ही पद्धत सोयीची ठरू शकते. तिच्या समर्थनार्थ पेशींच्या 'स्वभक्षण' प्रक्रियेवरील संशोधनाचा दाखला अनेकदा दिला जातो. या संशोधनासाठी जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु ते मूलभूत संशोधन यीस्टच्या पेशींवरील होते. शस्त्रक्रियेनंतरचे वजन टिकवण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

शस्त्रक्रिया झालेल्यांवरील अभ्यास थोडे, लहान व अल्पकालीन आहेत. त्यांतील बरीच माहिती रमजानचे रोजे ठेवणाऱ्या रुग्णांच्या निरीक्षणातून आलेली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रचलित मार्गदर्शिकांत खंडित उपवासाला प्रमाणित उपचाराचे स्थान नाही. ठरावीक वेळी लहान जेवणे, सावकाश चर्वण, प्रथिनांना प्राधान्य, पूरक जीवनसत्त्वे व आयुष्यभर तपासण्या यांवर त्यांचा भर आहे.

पोषणाचे गणित

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. ती कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात व थकवा येतो. स्नायू झिजल्यावर शरीराचा ऊर्जाखर्च आणखी घटतो आणि वजन परत वाढण्यास वाव मिळतो. म्हणजे प्रथिनांवाचूनचा उपवास आपल्याच उद्दिष्टाला मारक ठरतो.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम असतात; शिजल्यावर पाणी शोषून तिचे आकारमान वाढते. दिवसातून दोनदाच जेवायचे ठरवले, तर प्रत्येक जेवणात ३० ग्रॅम प्रथिने हवीत. केवळ डाळीतून ती मिळवायची झाल्यास सुमारे १२५ ग्रॅम कोरडी डाळ शिजवून एका बैठकीत खावी लागेल. लहान झालेल्या जठरात तेवढी मावत नाही. तीन जेवणांत प्रत्येकी २० ग्रॅम हे प्रमाण तुलनेने साध्य असते. म्हणून उपवासाचा प्रयोग करायचाच असेल, तर रात्रीचे बारा तास काही न खाता उरलेल्या बारा तासांत तीन लहान जेवणे हा सौम्य प्रकार अधिक व्यवहार्य ठरतो.

पाण्याचे गणितही असेच आहे. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जाणे अपेक्षित असते. पण ते घोट घोट घ्यावे लागते. जेवताना व जेवणानंतर सुमारे अर्धा तास पाणी टाळण्यास सांगितले जाते. उपवासाच्या तासांत पाणीही बंद केले, तर उरलेल्या वेळात जेवण व पाणी दोन्ही बसवणे कठीण होते.

तिसरे गणित औषधांचे. कॅल्शियम दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम लागते. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नीट शोषले जात नसल्याने ते दोन-तीन वेळा विभागून घ्यावे लागते. लोह व कॅल्शियम परस्परांच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवतात. याशिवाय ब-१२, ड व अन्य जीवनसत्त्वे असतात. उपवासाच्या दिवशी 'आज काहीच घ्यायचे नाही' म्हणून या गोळ्याही वगळल्या जातात आणि कमतरता नकळत साचत जाते.

संभाव्य धोके

जीवनसत्त्व ब-१ अर्थात थायामिन याचा शरीरातील साठा अवघे दोन ते तीन आठवडे पुरतो. सततच्या उलट्या व अपुरा आहार एकत्र आल्यास त्याची तीव्र कमतरता होऊन मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे व संभ्रम ही त्याची लक्षणे होत. या अवस्थेला वर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात व वेळीच उपचार न झाल्यास कायमची हानी होऊ शकते. अशा रुग्णाला थायामिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाईन लावल्यास अवस्था बिघडू शकते. म्हणून अशक्तपणासाठी दवाखान्यात गेलेल्या व्यक्तीने आपल्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आधी देणे अत्यावश्यक ठरते.

बायपासनंतर काही व्यक्तींच्या रक्तातील साखर गोड वा पिष्टमय खाण्यानंतर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते. घाम, कंप, धडधड व भोवळ ही तिची लक्षणे आहेत. दीर्घ उपवास शिरा, खीर किंवा साखरयुक्त सरबताने सोडल्यास हा प्रकार उद्भवण्याची शक्यता असते. मधुमेहासाठी इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. एसजीएलटी-२ गटातील औषधे घेणाऱ्यांत उपवासामुळे कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो.

वजन झपाट्याने उतरत असताना पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. दीर्घ उपवासाने त्यात भर पडते. बायपासनंतर मूत्रखड्यांचीही प्रवृत्ती वाढते व पाणी कमी पडल्यास ती बळावते. दीर्घ उपवासानंतर भुकेच्या भरात घाईने खाल्ल्यास छातीत अन्न अडकणे, वेदना व उलटी होते. काहींमध्ये उपवास व अतिखाणे यांचे चक्र सुरू होऊन त्याचे आहारविकारात रूपांतर होते.

उपवासाचे पदार्थ

महाराष्ट्रात 'उपवास' या शब्दाने पुष्कळदा अन्नत्यागापेक्षा अन्नबदल सूचित होतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण त्यावरच बोट ठेवते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी, पण प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी असतात. त्याची खिचडी तूप, बटाटा व शेंगदाण्याच्या कुटामुळे आणखी उष्मांकयुक्त होते. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर, १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम असली, तरी उष्मांकही साडेपाचशेच्या पुढे असतात. तळलेले बटाट्याचे वेफर्स, साबुदाणावडे व गोड पदार्थ यांनी वजन टिकवण्याचा हेतू साधत नाही.

धार्मिक उपवास सोडायचा नसल्यास दूध, दही, ताक, पनीर व राजगिरा हे परंपरेला मान्य असणारे पदार्थ अधिक उपयुक्त ठरतात. अलीकडे अनेक डॉक्टर व आहारतज्ज्ञ रुग्णाच्या श्रद्धेचा मान राखून उपवासाचा प्रकार बदलण्याचा सल्ला देतात. निर्जळ व्रताऐवजी दूध-ताकासह उपवास हे त्याचे एक उदाहरण आहे. आजारी, वृद्ध व गर्भवती यांना व्रतनियमांत सवलत देण्याची प्रथा परंपरेतही आहे. रमजानच्या रोज्यांतही आजारी व्यक्तीस सूट आहे.

लहान गावांतील पाठपुरावा

शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होतात. तिच्यानंतरचे आयुष्य मात्र रुग्णाच्या गावी व्यतीत होते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील पळसदरी हे याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येईल. कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील या स्थानकावरून मुंबईकडे कामाला जाणाऱ्या माणसाचा दिवस पहाटे सुरू होतो आणि घरी परतायला रात्र होते. सकाळी उपाशी निघणे, दुपारी वडापाववर भागवणे आणि रात्री उशिरा भरपूर जेवणे हा क्रम अशा प्रवाशांत सहज रुळतो. वरकरणी तो खंडित उपवासासारखा दिसतो. परंतु त्यात प्रथिने शेवटी व झोपेच्या तोंडावर येतात. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीसाठी त्याच्या उलट क्रम हितकर असतो : घरून नेलेले उकडलेले अंडे, पनीर किंवा मोड आलेल्या कडधान्याची मऊ उसळ दिवसा खाणे आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके ठेवणे.

कर्जत-खालापूर परिसर भातशेतीचा आहे. भात काढल्यानंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेण्याची पद्धत रायगड जिल्ह्यात रूढ आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आरंभीच्या पातळ आहारात गाळलेली पेज चालते; पण पुढे पेज व भात यांवरच भर राहिल्यास प्रथिने कमी पडतात. आहार पूर्ववत झाल्यावर सोललेल्या वालाचे मऊ बिरडे, डाळ, अंडी, मासळी व दही हे परिसरात मिळणारे पदार्थ ती उणीव भरून काढू शकतात. त्यासाठी महागड्या पावडरी प्रत्येक वेळी लागतातच असे नाही. मात्र कमतरता आढळल्यास पूरक औषधांना पर्याय नसतो.

अंतर, प्रवासखर्च व बुडणारा रोजगार यांमुळे वर्ष-दोन वर्षांनंतर अनेकांच्या तपासण्या थांबतात. नेमक्या याच काळात वजन पुन्हा वाढू लागते आणि समाजमाध्यमांवरील उपवासाचे सल्ले हाताशी येतात. हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर व यकृत-मूत्रपिंडांच्या बहुतेक तपासण्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी रक्त देऊन अहवाल शल्यविशारदाकडे पाठवता येतो. दूरध्वनीवरील सल्ल्यामुळे प्रत्येक वेळी शहर गाठण्याची गरज राहत नाही.

वैद्यकीय देखरेख

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात खंडित उपवास टाळावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. गर्भवती व स्तनदा माता, रक्तक्षय किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असलेले, वारंवार उलट्या होणारे, जठरव्रण असलेले, साखर अचानक उतरण्याचा त्रास असलेले तसेच आहारविकाराचा पूर्वेतिहास असलेले रुग्ण यांच्यासाठी तो योग्य मानला जात नाही.

वजन वाढू लागल्यास प्रथम कारण शोधले जाते. आहाराची नोंदवही, रक्ततपासण्या व आवश्यकतेनुसार दुर्बिणीतून जठराची तपासणी केली जाते. त्यानंतर आहारात सुधारणा, स्नायू बळकट करणारा व्यायाम, समुपदेशन, सेमाग्लुटाइड वा टिर्झेपेटाइडसारखी औषधे आणि क्वचित पुनर्शस्त्रक्रिया असे पर्याय विचारात घेतले जातात. या क्रमात खंडित उपवासाचे स्थान पूरक साधनाचे आहे. भोवळ, सततच्या उलट्या, संभ्रम, तोल जाणे किंवा तीव्र पोटदुखी झाल्यास उपवास तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

हेही पाहा

लठ्ठपणा
मधुमेह
बॉडी मास इंडेक्स
एकादशी
चातुर्मास
श्रीकांत जिचकार
पळसदरी